यांत्रिक भरतकामासाठी छायाचित्रातील रंगांचे विभाजन : हिमायतनगर परिसरातील बंजारा भरताच्या अनुषंगाने

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील हिमायतनगर, म्हणजेच जुने वाढोणा, आणि तेथून किनवट-माहूरपर्यंतचा डोंगराळ मुलूख यांत बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. फेटिया, कांचळी व टुकरी हा आरशांनी व कवड्यांनी मढविलेला पेहराव आज तेथे मुख्यत्वे वृद्ध स्त्रियांच्या अंगावर आणि सणासमारंभात दृष्टीस पडतो. त्यावरील नमुने यंत्रावर भरून घ्यावयाचे झाल्यास जुन्या वस्त्राचे छायाचित्र घ्यावयाचे, संगणकावर त्यातील रंग वेगळे करावयाचे आणि प्रत्येक रंगास एक दोरा नेमून द्यावयाचा, हा मार्ग सर्वांस सोपा वाटतो. त्यातील मधली पायरी, म्हणजे रंगविभाजन, ही मात्र वाटते तितकी यांत्रिक नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

रंगविभाजनाची कल्पना महाराष्ट्रास नवी नव्हे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या व पुढे लोणावळ्यानजीक मळवली येथे हलविलेल्या शिळाछापखान्यात एकेका चित्रासाठी रंगागणिक वेगळा दगड तयार करीत. तेथे कारागिरास एक सवलत होती. शाई पातळ असल्यामुळे पिवळ्यावर निळी छापली की हिरव्याचा भास होई आणि थोड्या दगडांत पुष्कळ छटा साधत. दोऱ्याची गोष्ट निराळी आहे. दोरा अपारदर्शक असून तो खालचा रंग झाकून टाकतो; रंगांचे मिश्रण होत नाही. यास्तव भरतकामाचे खरे नाते शिळाछापापेक्षा पैठणीशी अधिक जुळते. येवल्याचा विणकर प्रत्येक रंगाची तिल्ली वेगळी ठेवतो आणि जेथे एक रंग संपतो तेथेच दुसरा सुरू करतो.

आता संगणक काय करतो ते पाहू. सामान्य रंगीत छायाचित्रात प्रत्येक बिंदूस १,६७,७७,२१६ छटांपैकी कोणतीही एक छटा असू शकते. उलट, भरतयंत्राच्या एका शिरावर बहुधा १२ किंवा १५ सुया, म्हणजे तितकेच दोरे असतात. म्हणून जवळजवळच्या छटांचे गट पाडून प्रत्येक गटासाठी एक प्रातिनिधिक रंग निवडावा लागतो. दोन छटांमधील अंतर मोजण्यासाठी १९७६ साली आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने पुरस्कारिलेली रंगमापन पद्धती वापरल्यास मानवी दृष्टीशी बरेच जुळते असे गट मिळतात. छपाईत छटांचा आभास निर्माण करण्यासाठी ठिपके विखुरण्याची जी युक्ती योजतात, ती मात्र येथे कटाक्षाने टाळावी. कागदावर ठिपका शोभतो. कापडावर प्रत्येक ठिपक्यासाठी सुईला उडी मारावी लागते, दोरा तुटतो आणि मागील बाजूस गाठींचा गुंता होतो. एक मिलिमीटरहून लहान रंगबेटे शेजारच्या रंगात विलीन करणे केव्हाही श्रेयस्कर.

येथवर सर्व काही गणिताने होते. खरी अडचण पुढे आहे. छायाचित्र प्रकाशाची नोंद करते आणि भरत दोऱ्याचे असते.

फेटियाच्या एका पट्टीवरील तांबड्या भरताचेच उदाहरण घेऊ. एकाच रिळाचा तांबडा दोरा त्रिकोणाच्या एका अंगास उभा व दुसऱ्या अंगास आडवा भरलेला असेल, तर चकाकीमुळे एक अंग फिकट व दुसरे गडद दिसते. संगणक त्यांस दोन रंग समजतो. त्याप्रमाणे दोन दोरे लावले की नमुना खोटा ठरतो, कारण मूळ कारागीर स्त्रीने तो भेद रंगाने नव्हे तर टाक्याच्या दिशेने साधलेला असतो. अशा ठिकाणी दोन्ही गट एकत्र करून दोन वेगळ्या दिशांचे टाके योजावे लागतात. यासाठी एकच वस्त्र प्रकाशाची दिशा बदलून दोनदा टिपावे. ज्या भागांची फिकट-गडद अदलाबदल होते ते एकाच दोऱ्याचे, असे बहुधा निःशंकपणे समजता येते.

आरशांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. आरशास स्वतःचा रंग नसतो; त्यात आकाश उमटते, झाड उमटते, क्वचित छायाचित्रकाराची बोटेही उमटतात. विभाजनात एकेका आरशातून चार-पाच निरर्थक रंग निघतात आणि तितक्या सुया अडून बसतात. म्हणून गट पाडण्यापूर्वीच आरसे व कवड्या चित्रातून हाताने वगळाव्यात, त्यांच्या जागी केवळ खुणेची धावदोऱ्याची रेघ ठेवावी आणि तेथे यंत्र थांबवावे. काचेवर सुई आपटली तर तीच मोडते, हे सांगावयास नकोच. आरसा धरून ठेवणारे कडे वेगळे भरून वरून बसविणे हा एक उपाय आहे. हाताने टाका घालणे हा दुसरा, आणि माझ्या मते अधिक प्रामाणिक.

तिसरा प्रश्न उन्हाचा. वर्षानुवर्षे वापरलेल्या वस्त्राची दर्शनी बाजू विटलेली असते. तिच्यावरून रंग निवडल्यास विटलेला गुलाबीच तांड्याचा परंपरागत रंग म्हणून पुढील पिढीच्या गळी उतरेल. सुदैवाने वस्त्राची उलटी बाजू आपणांस साक्ष देते. तेथील दोऱ्यास ऊन कमी लागलेले असते. तेव्हा उलट्या बाजूचेही छायाचित्र घ्यावे आणि दोऱ्याचा क्रमांक पडद्यावरून न ठरविता दोऱ्यांचे नमुनापत्रक त्या बाजूस प्रत्यक्ष लावून दिवसाच्या उजेडात ठरवावा.

रंग निश्चित झाल्यावर उरते ती शिस्त. टाका कापडास आपल्याकडे ओढतो, म्हणून लगतचे दोन रंग काटेकोर कडेस कड लावून ठेवल्यास मध्ये फट पडते, सुमारे ०.३ मिलिमीटर एकावर एक येऊ द्यावे लागते. पण हाच मोह वाढवून संपूर्ण थरावर थर रचला, तर कापडास सुरकुत्या पडतात. सामान्यतः दोन ओळींत ०.४ मिलिमीटर अंतर व ४ मिलिमीटर लांबीचा टाका धरल्यास प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ६० हून थोडे अधिक टाके पडतात. थर दुप्पट केला की हा भार दुप्पट होतो.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. भरतयंत्रांत सर्वाधिक प्रचलित असलेल्या 'डीएसटी' या नोंदपद्धतीत रंग लिहिलेलाच नसतो. सुई किती सरकवावी आणि दोरा बदलण्यासाठी कोठे थांबावे, एवढेच त्यात असते. हिमायतनगरच्या वस्त्रावरून केलेला आराखडा सुरतेस वा हैदराबादेस भरावयास पाठविला आणि सोबत कागद नसला, तर तेथील कारागीर हाताशी असतील ते दोरे लावील, व त्यात त्याचा दोष नसेल. म्हणून थांब्यांच्या क्रमाने दोऱ्यांचे क्रमांक, आरशांच्या जागा, टाक्यांच्या दिशा आणि मूळ वस्त्र कोणत्या तांड्यावरचे, एवढे एका पत्रकावर लिहावे आणि त्यास उलट्या बाजूचे छायाचित्र जोडावे.