आखडलेल्या बोटांतला कप

सकाळी उठल्यावर मूठच वळत नाही. कुकरचं झाकण निघत नाही, कणीक मळताना मनगट ठणकतं, कालपर्यंत सहज चढणारी बांगडी आज सुजेवर अडते. तासाभराने, कामाला लागल्यावर, बोटं जरा मोकळी होतात. असं आठवडेच्या आठवडे चाललं आणि दोन्ही हातांचे तेच सांधे सुजू लागले, तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नये. हा आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना तो दुप्पट-तिप्पट प्रमाणात होतो.

अशा घरात पहिला उपचार ओट्याशीच होतो: आलं ठेचून, गवती चहा घालून उकळलेलं पाणी. त्यात वावगं काही नाही. ऊन ऊन कप दोन्ही तळव्यांत धरून बसलं की बोटांना खरंच बरं वाटतं. इराणमधल्या एका चाचणीत आमवाताच्या 44 रुग्णांपैकी निम्म्यांना 42 दिवस कॅमोमाईलचा चहा दिला होता. त्यांचे दुखरे सांधे कमी झाले, रक्तातला, सूज दाखवणारा ईएसआरही उतरला. आशा वाटावी असंच हे आहे, पण माणसं थोडी आणि दिवसही थोडे. हळदीचं म्हणाल, तर तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. हळद घातलेल्या चहाला रंग येतो, औषध फारसं उतरत नाही.

मला खरी काळजी वाटते ती गुळवेलीच्या काढ्याची. करोनाच्या काळात तो घरोघरी उकळला. मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर हरकत घेतली. तरीही आमवात असलेल्या बाईने तो काढा आपल्या मनाने घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून घेतात, आणि हिची प्रतिकारशक्ती आधीच पेटलेली. त्यातून आमवातावरची, आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्झेटची गोळी चालू असेल, तर यकृतावर तिचाही भार असतो. म्हणूनच डॉक्टर अधूनमधून रक्त तपासायला सांगतात.

काढ्याने बरं वाटतंय म्हणून ही गोळी सोडणं सगळ्यात महागात पडतं. दुखणं दबलं तरी आत हाड झिजतच राहतं, आणि एकदा वाकडं झालेलं बोट कुठल्याच चहाने सरळ होत नाही.

आणखी एक. या आजारात पुष्कळ बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं. साधा चहा काय किंवा पुदिना-कॅमोमाईलचा काय, जेवणासोबत घेतला तर भाजी-डाळीतलं लोह अंगी कमी लागतं. जेवण आणि कप यांत तासाभराचं अंतर ठेवावं.

पुढच्या तपासणीला जाताना ओट्यावरच्या सगळ्या पुड्या आणि बाटल्या एका पिशवीत भरा आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. विचारायची वाट पाहू नका.