एकवीस इंची चाक

वापरलेली मोटारसायकल बघायला गेलेलं गिऱ्हाईक आधी टाकी बघतं. रंग उडालाय का, चरे किती, स्टिकर मूळचे आहेत का. मग सेल्फ मारून इंजिनाचा आवाज ऐकतं आणि किलोमीटरचा आकडा वाचतं. बरोबर आणलेला मेकॅनिक मुरलेला असेल, तर तो यातल्या कशाकडेच वळत नाही. तो इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी करतो, समोर उकिडवा बसतो, चाक हळूच फिरवतो आणि स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यानं एकेका स्पोकवर टिचकी मारत जातो. टण, टण, टण, ठप्. त्या ‘ठप्’पाशी चाक थांबतं. ती तार सैल आहे. तिच्या शेजारच्या दोन-तीन ताराही तशाच वाजल्या, तर तिथं रिमवर बोट फिरवून बघायचं. बहुतेक वेळा बोटाला खड्डा लागतो.

हे चाक २१ इंची आहे आणि गाडी आहे हिरोची एक्सपल्स २००. डांबरी रस्त्यावर रीतसर नंबरप्लेट लावून धावणारी आणि वेळ आली की नदीच्या गोट्यांवरून, चिखलातून, जांभ्याच्या फुफाट्यातून जाणारी ही जात. तिला जगभर ‘ड्युअल स्पोर्ट’ म्हणतात. लाखभर रुपयांत अशी गाडी हवी असेल, तर महाराष्ट्रात शोध फिरून फिरून बहुधा एक्सपल्सपाशीच येतो.

या जातीची वंशावळ मोठी आहे. १९६८ची यामाहा डीटी-१ ही त्या घराण्यातली मूळपुरुष म्हणावी अशी गाडी. दहा वर्षांनी, डिसेंबर १९७८मध्ये, पहिली पॅरिस–डाकार शर्यत निघाली आणि सिरिल नेव्हूनं ती यामाहा एक्सटी-५००वर जिंकली. भारतात मात्र यातलं फारसं काही पोचलं नाही. इथं कच्च्या रस्त्याला बुलेट होती, राजदूत होती, येझदी होती. त्या रस्ता वाईट असला तरी तग धरायच्या, पण त्या रस्त्यासाठी घडवलेल्या नव्हत्या. २०११ साली होंडापासून वेगळ्या झालेल्या हिरोनं इम्पल्स आणली. दीडशे सीसीचं साधं इंजिन, उंच बैठक, जमिनीपासून २४५ मिलिमीटरची उंची. गाडी चांगली होती, पण गिऱ्हाईक तयार नव्हतं. काही वर्षांतच ती बंद पडली. आज तिच्यासाठी जीव टाकणारी माणसं तेव्हा शाळेत होती.

मग २०१६मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली आणि २०१७च्या नोव्हेंबरात मिलानच्या प्रदर्शनात हिरोनं एक्सपल्सचा पहिला नमुना दाखवला. १ मे २०१९ रोजी ती दुकानात आली. कार्बोरेटरची ९७ हजारांना, फ्युएल इंजेक्शनची १ लाख ५ हजारांना, दोन्ही किमती दिल्लीच्या शोरूमच्या. स्प्लेंडर विकून मोठ्या झालेल्या, जिच्या जाहिरातीत मायलेजखेरीज दुसरा शब्द क्वचित यायचा, त्या कंपनीनं लाखाच्या आत २१ इंची स्पोकचं चाक दिलं. या धाडसाचं मनापासून कौतुक करायला हवं. तितक्या पैशात असं चाक तेव्हा बाजारात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

चाक मोठं कशासाठी, हे समजून घेण्यासारखं आहे. स्प्लेंडरचं चाक १८ इंची, म्हणजे टायर धरून व्यास साधारण ६२ सेंटिमीटर. एक्सपल्सचं पुढचं चाक टायरसकट ७०च्या आसपास जातं. समोर वीतभर दगड आला की लहान चाक त्याच्यावर आदळतं, मोठं चाक त्याच्यावर चढतं. लहान खड्ड्यात ते पुरतं उतरतच नाही, काठाकाठानं निघून जातं. बैलगाडीचं चाक एवढं मोठं का असायचं, याचंही कारण हेच. मागं १८ इंची चाक आहे, कारण तिथं जोर लावायचा असतो आणि बैठक आवाक्यात ठेवायची असते. तरीही ती ८२३ मिलिमीटर उंच आहे. पाच फूट चार इंचाच्या माणसाला सिग्नलला एकच पाय टेकवून उभं राहायची सवय करावी लागते.

स्पोकचं चाक ही तर विलक्षणच रचना. एवढी बारीक तार दाबानं लगेच वाकते, ती फक्त ओढ सोसू शकते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवायच्या. हबपासून रिमपर्यंत, एकमेकींना छेद देत, अर्ध्या डाव्या बाजूला आणि अर्ध्या उजव्या बाजूला खेचणाऱ्या. प्रत्येकीच्या टोकाला निपल, म्हणजे आटे असलेली छोटी टोपी. ती पाव फेरा फिरवली की रिम त्या बाजूला केसभर सरकतो. धक्का बसला की त्याचा भार एकाच तारेवर न राहता शेजारच्या तारांतही वाटला जातो. अलॉय चाक जबर आदळलं तर त्याला तडा जातो, ते टाकून नवं घ्यावं लागतं. स्पोकचा रिम वाकतो, पण बऱ्याचदा पुन्हा सरळ करता येतो. मेकॅनिकांच्या भाषेत ‘आउट काढता येतो’.

याची किंमतही आहे. निपल रिममधून आरपार जातात, तिथून हवा निसटेल म्हणून आत ट्यूब लागते. म्हणजे पंक्चर झालं की चाक खोलणं आलं. गावच्या पंक्चरवाल्याकडं २१ इंची ट्यूब असेलच असं नाही, म्हणून लांब जाणारे ती बरोबर बाळगतात. अडचणीत हीच पुढची ट्यूब दुमडून मागच्या चाकातही चालवता येते, तासाभराचं अंतर काढण्यापुरती. त्यामुळे दोन ट्यूबांचं ओझं नको, एक पुरते.

आता मुद्दा पैशाचा, आणि कुठली गाडी उचलायची याचा.

एक्सपल्सचे चार अवतार बाजारात भेटतात. पहिला २०१९ची बीएस-४, कार्बोरेटर किंवा इंजेक्शनची, १८.४ अश्वशक्ती, वजन दीडशे किलोच्या जरा वर. मार्च २०२०ला बीएस-४ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाड्यांची विक्रीच थांबली, म्हणजे कार्बोरेटरची एक्सपल्स जेमतेम अकरा महिने विकली गेली. तालुक्याच्या गावी स्प्लेंडर दुरुस्त करणारा कोणीही तिचा कार्बोरेटर उघडून साफ करून देऊ शकतो. यासाठी कित्येक जण खास तीच शोधतात, आणि ते बरोबर आहेत. दुसरा बीएस-६, इंजिनाला तेलाचा कूलर असलेला. तिसरा २०२१च्या ऑक्टोबरातला चार व्हॉल्व्हचा, १९.१ अश्वशक्तीचा. चौथा २०२२ची रॅली आवृत्ती, लांब पल्ल्याच्या शॉकची आणि आणखी उंच. उंची आणि सरावलेला हात नसेल, तर या चौथ्याच्या नादी लागू नये. २०२५मध्ये पाण्यानं थंड होणारी २१० सीसीची नवी आली, पण ती अजून या खिशात बसत नाही.

यात एक सापळा आहे. एक्सपल्स २००टी नावाची बहीण त्याच दिवशी बाजारात आली होती. तिला १७ इंची अलॉय चाकं आहेत, ती प्रवासाची गाडी आहे. जाहिरातीत तो ‘टी’ गळतो आणि साताऱ्याहून माणूस गाडी बघायला पुण्याला येतो.

हिमालयन ४११ हा दुसरा पर्याय. तिलाही पुढं २१ इंची चाक, १५ लिटरची टाकी, खालच्या वेगातही भरपूर ओढ. सामान लादून दोघांनी लडाखला जायचं तर तीच बरी. पण बीएस-६ हिमालयनचं वजन १९९ किलो आहे. वरंध घाटाखालच्या एखाद्या ओढ्यात ती आडवी झाली आणि सोबत कोणी नसलं, तर तो चाळीस-पन्नास किलोंचा फरक पाठीला कळतो. एक्सपल्सचं दुखणं उलटं. महामार्गावर ताशी नव्वदला तिला धाप लागते आणि ट्रकला मागं टाकायचं तर आधीपासून मनाची तयारी करावी लागते. ज्याचं काम आठवड्याचे पाच दिवस शहरात आणि सहाव्या दिवशी मातीत आहे, त्यानं हलकी गाडी घ्यावी.

मात्र कुठल्याही मॉडेलपेक्षा आधीचा मालक महत्त्वाचा. ही जात स्वप्नापोटी विकत घेतली जाते. लडाखचे व्हिडिओ बघून घेतलेल्या किती तरी गाड्या हिंजवडी ते कोथरूड यापलीकडं गेलेल्या नसतात. अशाच गाडीच्या शोधात राहावं. जिच्या मालकाची मोहीम राहून गेली, ती गाडी उत्तम. उलट, जिच्यावर पाच संघटनांचे स्टिकर, धातूचे रॅक आणि खिंडींच्या नावांचे बिल्ले आहेत, तिथं स्क्रूड्रायव्हर दोनदा फिरवावा.

मग बाकीची तपासणी. चाक अधांतरी असतानाच हॅण्डल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू वळवून बघायचं. मधोमध ते खाचेत अडल्यासारखं थबकलं, तर कोनसेट, म्हणजे हॅण्डलचं बेअरिंग, गेला. पुढच्या शॉकच्या नळीवरून बोट फिरवायचं. तेल लागलं तर सील गेलं, ते स्वस्तात होतं. नळीवर ओरखडा असेल तर नवं सीलही टिकणार नाही. इंजिनाखालची संरक्षक पट्टी वाकून बघायची, ती मालकापेक्षा खरं बोलते. एअर फिल्टरचं झाकण उघडायला सांगायचं. आत गाळ सुकलेला दिसला तर ही गाडी पाण्यात बसली आहे. ऑइल दुधाळ असेल तर तिथूनच परत फिरायचं. मागच्या रॅकखालचा सांगाडा, वेल्डिंगची जागा, फूटरेस्टचा कोन, स्प्रॉकेटचे दात. एका बाजूला कललेले दात दिसले की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटचा खर्च किमतीतून वजा करायचा.

यंत्र पसंत पडलं तरी खरी अडचण इथून पुढं सुरू होते, आणि ती कागदाची आहे.

बाजारात चिखल उडवणाऱ्या दुसऱ्याही गाड्या मिळतात. परदेशी बनावटीच्या डर्ट बाइक इथं विकल्या गेल्या, पण त्या बंदिस्त ट्रॅकसाठी. त्यांची नोंदणी होत नाही, म्हणून त्या घरापासून ट्रॅकपर्यंतही टेम्पोतूनच न्याव्या लागतात. दुसरा प्रकार म्हणजे जुन्या गाड्या कापून, शॉक वाढवून, मडगार्ड उंच करून बनवलेल्या. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम कंपनीच्या मूळ तपशिलांत असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते पुन्हा बजावलं. हौशी पोरांना हे जाचक वाटतं. पण अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा गाडीची आरसीशी तुलना करते, तेव्हा समोर कोणीतरी जखमी माणूस पडलेला असतो. एक्सपल्सची खरी थोरवी इथं आहे. ती कारखान्यातूनच रस्त्याच्या कायद्यात बसून येते.

आरसीवरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवायचा, हॅण्डलखालची माती पुसून, स्वतःच्या डोळ्यांनी. बँकेचा बोजा असेल तर ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ‘सह्या करून ठेवल्यात, सावकाश नावावर करा’ असं म्हणणारे विक्रेते स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण तिला तिथला दाखला, इथला रस्ताकर आणि नवा नंबर लागतो. त्यात फेऱ्या किती होतील याचा हिशेब करूनच मोह धरावा.

विम्याचंही एक गणित आहे. १ सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला. म्हणजे २०१९च्या एक्सपल्सचा तो विमा २०२४मध्ये संपला. कित्येक मालकांच्या हे ध्यानातच आलेलं नाही आणि गाड्या विम्याशिवाय फिरतायत. इम्पल्सवर जीव जडलेल्यांनी तर आणखी एक तारीख बघावी. नोंदणीला १५ वर्षांची मुदत असते. २०११च्या गाडीची ती २०२६मध्ये भरते, मग तपासणी आणि नूतनीकरण. शिवाय तिची प्लॅस्टिकची पॅनेलं मिळवायला लोक राज्यभर फोन करत बसतात.

आणि सगळं जुळलं, गाडी दारात आली, तरी त्या ‘ठप्’ वाजलेल्या तारेचा प्रश्न उरतो. रिमचा आउट काढणारे हात शहरांतून कमी होत चालले आहेत. अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर आल्यावर त्या कामाला गिऱ्हाईकच राहिलं नाही, आणि नव्या वर्कशॉपमध्ये सरळ ‘रिम बदला’ असं सांगतात. हे कौशल्य बदललेल्या रिमच्या बिलात भरून येत नाही. तालुक्याच्या बाजारपेठेत, जुन्या सायकल मार्टमध्ये, ते अजून सापडतं. लोखंडी चिमट्यात चाक अडकवलेलं असतं, रिमच्या कडेशी खडूचा तुकडा धरलेला. चाक फिरतं आणि खडू जिथं लागेल तिथं पांढरी रेघ उमटते. त्या रेघेच्या बाजूची तार पाव फेरा सैल, पलीकडच्या बाजूची पाव फेरा घट्ट. पुन्हा फिरवायचं. रेघ आखूड होत जाते. अर्ध्यापाऊण तासानं खडू कुठंच लागत नाही. मग तो माणूस पान्हा खाली ठेवतो, स्क्रूड्रायव्हर उलटा धरतो आणि पहिल्या तारेपासून वाजवायला लागतो.