ताप लपवायचा नाही

येडगाव धरणाच्या फुगवट्याकडेला असलेल्या वस्तीवर मी गाडी लावतो. पाऊस नुकताच उघडलाय. बराखीपुढं कांदा निवडत बसलेल्या आजी हात झटकून उठतात. "डॉक्टरसाहेब, ह्यांना साधाच खोकला हाये," त्या मी विचारायच्या आतच सांगतात.

आत बाबा खाटेवर बसलेत. चार दिवस ताप अंगावर काढलाय. मी आधी खिडकी उघडायला लावतो, मग त्यांचा हात हातात घेतो. बोट गार, नखात माती. गार बोटावर ऑक्सिमीटरचा आकडा चुकतो, म्हणून बोट पुसतो, चोळून ऊब आणतो. चिमट्यात लाल उजेड पडतो. आकडा खालीवर होतो. तो स्थिर होईपर्यंत मी थांबतो. ९६. "आता अंगणात सहा मिनिटं चाला, बाबा." चालून आल्यावर ९५. छातीही स्वच्छ आहे.

उशाशी कुणीतरी आणून दिलेल्या गोळ्या आहेत. त्यातली स्टिरॉइडची पट्टी मी बाजूला काढतो. ऑक्सिजन लागलेल्या कोविड रुग्णांचे जीव डेक्सामेथासोनसारखं स्वस्त औषध वाचवतं, हे जून २०२० मध्ये सिद्ध झालं. पण तेच गरज नसताना घेणाऱ्यांची साखर वाढली, काहींना काळ्या बुरशीनं गाठलं. रेमडेसिवीरसाठी लोक वणवण फिरले. दवाखान्यात दाखल रुग्णांसाठी ते वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सुचवलं होतं. औषधाइतकीच त्याची वेळ महत्त्वाची, हे महामारीनं शिकवलं.

वेळ मात्र भीतीनं खाल्ली. बांबू बांधून वस्तीची वाट अडवतील, लोक बोट दाखवतील, नेलेला माणूस परत दिसणार नाही, म्हणून घरोघर ताप लपवला गेला. माणूस दवाखान्यात पोचायचा तो धाप लागल्यावरच.

मी ख्रिस्ती घरातला. येशूनं कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं, ही गोष्ट लहानपणापासूनची. हातमोजे घालून नाडी बघताना ती मला नव्यानं कळली. ज्याला सगळे टाळतात त्याच्याजवळ जाणं, हा उपचाराचाच भाग आहे. नगरच्या मुक्तीफौजेच्या बूथ हॉस्पिटलनं कोविड रुग्णांना जवळ केलं. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई दारोदार ताप मोजत फिरल्या. त्यांना दार उघडलं गेलं, कारण साथीच्या आधीपासून त्या घरातल्या बाळंतिणींची विचारपूस करायला येत होत्या. हा विश्वास साथ आल्यावर उभा करता येत नाही.

"चार दिवसांचा ताप आहे, रक्त तपासून घेऊ," मी सांगतो. "आजी, पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी कळवायचं. कुणी नावं ठेवणार नाही."

आजी जरा घुटमळतात. मग बांधापलीकडच्या घराकडं हात करतात. "तिथल्या सुनंला परवापासून ताप हाये. तिलाबी बघता का?"

"चला, दाखवा," म्हणत मी बॅग उचलतो.