सही कोणाची चालणार?

सावदा (वार्ताहर) : केळीची कापणी तोंडावर आली असताना घरातील कर्त्या माणसाला पक्षाघाताचा झटका येतो आणि त्याची शुद्ध हरपते. बँकेतील पैसे कोणी काढायचे, कर्जाच्या कागदावर सही कोणी करायची? पत्नी किंवा मुलाची सही चालेल, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सज्ञान व्यक्तीच्या मालमत्तेचे व्यवहार करण्याचा अधिकार केवळ नात्यामुळे कोणालाही मिळत नाही.

आधी करून ठेवलेले मुखत्यारपत्रही अशा वेळी उपयोगी पडत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मानसिक संतुलन ढळल्यास ते संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरण्याची शक्यता असते.

पालक कोण नेमणार?

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अन्वये जिल्हा पातळीवरील स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते. कोमातील रुग्णासाठी मात्र स्वतंत्र कायदा नाही. कुटुंबाला राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. जळगाव जिल्ह्यासाठी हे खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे आहे. मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची १९८७ च्या कायद्यातील तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात राहिली नाही.

या नव्या कायद्याने प्रत्येक व्यक्ती स्वतःच्या मानसिक उपचारांचा निर्णय घेण्यास सक्षम आहे, असे गृहीत धरले आहे. पूर्वसूचना लिहून ठेवण्याचा आणि प्रतिनिधी नेमण्याचा हक्कही दिला आहे. मात्र तो मानसिक उपचारांपुरताच आहे.

अरुणा शानबाग प्रकरण

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्या कायमच्या अचेतावस्थेत गेल्या. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हाच वादाचा मुद्दा ठरला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार लेखिका पिंकी विराणी यांचा नव्हे, तर वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. १८ मे २०१५ रोजी शानबाग यांचे निधन झाले.

पुढे २०१८ मध्ये न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ झाली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. त्यात आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावे लिहिता येतात.

हे इच्छापत्र जीवरक्षक उपचार थांबविण्यापुरते असते. शेती वा बँक त्यात येत नाही. त्यासाठी दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल असे संयुक्त खाते हा साधा उपाय आहे. आजारपणाचा विषय घरात काढणे अशुभ मानले जाते. पण शुद्ध हरपल्यावर विचारता येत नाही. त्यामुळे हे बोलणे धडधाकट असतानाच झालेले बरे.