बर्ड फ्लूवरील औषधे आणि संगणकाची चाळणी

कोंबड्यांना मारणारा एच५ एन१ हा इन्फ्लुएंझाचा विषाणू १९९७ साली हाँगकाँगमध्ये माणसांत शिरला. अठरा जण आजारी पडले व त्यांपैकी सहा दगावले. पुढे तो आशियाभर पसरला. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कोंबड्यांत तो सापडला. भारतातील ती पहिलीच नोंद होय. मनुष्यास हा रोग क्वचितच जडतो; तथापि २००३ पासून जगभर नोंदलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे मरण पावले आहेत. म्हणूनच त्यावरील औषधांचा शोध शास्त्रज्ञांनी इतक्या निकडीने चालविला आहे.

विषाणू पेशीत शिरून आपल्या शेकडो प्रती निर्माण करतो. ह्या प्रती बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठावरील सायलिक अम्लास चिकटून बसतात. तो बंध तोडण्याकरिता विषाणूजवळ न्यूरामिनिडेज नावाचे विकर असते. विकरात एक खळगा असून कातरण्याचे काम तेथेच चालते. विषाणूचे बाह्य रूप वरचेवर पालटते, परंतु ह्या खळग्याची घडण सहसा पालटत नाही. खळगा बुजविला की नवे विषाणू जागीच अडकून पडतात.

पण बुजवावयाचा कशाने? ऑस्ट्रेलियात ग्रेम लेव्हर यांनी विकराचे स्फटिक तयार केले आणि १९८३ मध्ये पीटर कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची त्रिमिती रचना प्रसिद्ध केली. मग संगणकाच्या पडद्यावर त्या खळग्यात निरनिराळे अणुगट फिरवून, कोणता गट कोठे घट्ट बसेल ह्याचे गणित मांडता आले. सायलिक अम्लासारख्या एका जुन्या रेणूतील एकच गट बदलावा असे त्या गणिताने सुचविले. तसे करताच रेणूची पकड हजारो पटींनी वाढली. हेच झानामिव्हिर होय. पाठोपाठ ओसेल्टामिव्हिर आले व १९९९ साली दोन्ही औषधांना मान्यता मिळाली.

विषाणू मात्र स्वस्थ बसला नाही. व्हिएतनाममधील एका रुग्णाच्या विषाणूवर ओसेल्टामिव्हिरचा प्रभाव पडेनासा झाल्याचे २००५ मध्ये दिसून आले. विकरातील एकच अमिनो अम्ल बदलले होते! त्यामुळे ह्या औषधाला सामावून घेण्याकरिता खळग्याने किंचित सरकून जी जागा करून द्यावयाची, तीच होईना. झानामिव्हिरला तशी जागा लागत नसल्याने ते उपयोगी राहिले.

पुढच्याच वर्षी लंडनच्या शास्त्रज्ञांना असे आढळले की, एन१ विकराच्या खळग्याशेजारी आणखी एक लहानसे पोकळ कोनाडे आहे व ते कधी उघडे, तर कधी मिटलेले असते. कुलूप आणि किल्ली ही आपली आवडती उपमा येथे अपुरी पडते, कारण हे कुलूप स्थिर नाही. त्याच्या एकाच छायाचित्रावरून किल्ली घडविणे धोक्याचे ठरते.

ह्यावर कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील संशोधकांनी योजिलेला उपाय मोठा मार्मिक आहे. त्यांनी प्रथम संगणकात विकराच्या अणूंची हालचाल गणिताने घडवून आणली. प्रत्यक्षात ती अवघी काही अब्जांश सेकंदांची. पण तेवढ्यात खळग्याची अनेक रूपे हाती आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संग्रहातील सुमारे दोन हजार रेणू घेऊन ते ह्या वेगवेगळ्या रूपांत बसवून पाहिले. प्रत्येक रेणू शेकडो प्रकारे वळवून त्याच्या बंधनशक्तीचा अंदाज संगणक देतो. मिटलेल्या खळग्यात न मावणारे काही रेणू उघड्या खळग्यात छान बसतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या कामातून अवघे काही डझन रेणू वर निघाले.

त्यांस औषधे म्हणणे मात्र घाईचे होईल. संगणकाचा अंदाज ढोबळ असतो. खळग्यातील पाण्याचे रेणू व त्यांचे बंध यांचा हिशेब बहुधा सोपा करून घ्यावा लागतो. शिवाय रेणू पेशीस विषारी आहे काय, तो रक्तात टिकतो काय, हे ही चाळणी सांगत नाही. म्हणून निवडलेला प्रत्येक रेणू पुढे परीक्षानळीत, नंतर जिवंत पेशींत व प्राण्यांत पारखावा लागतो आणि बहुतेक रेणू ह्या वाटेवरच गळून पडतात.