मींड घेणारं यंत्र

मुंबईतले चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवत. 1982 साली त्यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. भैरव, ललत, तोडी, यमन असे दहा राग आणि साथीला रोलँड कंपनीची तीन यंत्रं : ज्युपिटर-8 सिंथेसायझर, टीआर-808 तालयंत्र आणि टीबी-303.

टीबी-303 हे बास गिटारची जागा घेण्यासाठी बनवलेलं यंत्र. त्यातलं विद्युत मंडल करवतीच्या दात्यांसारखी किंवा चौकोनी लहर तयार करतं. ती गाळणीतून, म्हणजे फिल्टरमधून जाते. एका मर्यादेवरची कंपनं तिथे दबतात. ही मर्यादा वरखाली केली की आवाज उघडतो, मिटतो. मर्यादेजवळची कंपनं मुद्दाम वाढवली की तो चिरकतो, गुरगुरतो.

या यंत्रात ‘स्लाइड’ची सोय आहे. स्वराची उंची विद्युतदाबावर ठरते. स्लाइड लावली की दाब एकदम न बदलता सलग सरकतो आणि एका स्वरातून दुसऱ्यात मींड घेतल्यासारखं ऐकू येतं. पियानोच्या पट्ट्यांना हे जमत नाही. रागसंगीताला हे यंत्र मानवलं, त्यामागे हे मोठं कारण आहे.

तेव्हा ही ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. पुढे 1987 मध्ये शिकागोच्या ‘फ्युचर’ या गटाने त्याच टीबी-303 वर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ केलं आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ हे नृत्यसंगीत गाजलं. सिंग यांची ध्वनिमुद्रिका 2010 मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे श्रोते थक्क झाले. टीबी-303 चा असा प्रयोग मुंबईत शिकागोच्या पाच वर्षं आधीच झाला होता.