सामाईक माणूस

घरच्या सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आपल्या वाडवडिलांनीं वाटणीपत्रांत लिहून ठेविल्या. भाऊभाऊ एकमेकांशीं बोलेनासे झाले तरी कोणत्या वारीं मोट कोणाची याविषयीं तंटा होऊं नये, एवढी दूरदृष्टि त्यांना होती. माणसाची पाळी मात्र कोणीं लिहून ठेविली नाहीं. तीन बिऱ्हाडांत एकच स्वयंपाकीण असली कीं प्रत्येक गृहिणीला वाटतें, आपण तिला थोडेंच काम सांगतों. वाढत चाललेल्या कचेरींतही नेमकें हेंच घडतें. आमच्या हातून तें कसें घडलें, तें येथें सांगतों.

कारखाने व इमारती बांधणारांना बांधणीविषयीं सल्ला देण्याचा धंदा आम्हीं तिघा भागीदारांनीं पुण्यांत दोन खोल्यांत सुरू केला. त्या वेळीं जो तो सर्व कांहीं करी. नकाशा काढणारा तोच, हिशेब लिहिणारा तोच, आणि गिऱ्हाइकाला चहा विचारणाराही तोच. आठव्या वर्षीं माणसें चाळीस झालीं आणि एका वेळीं चौदा-पंधरा कामें चालूं लागलीं. प्रत्येक भागीदाराचीं कामें वेगळीं, गिऱ्हाइकें वेगळीं. परंतु पाया आणि भूकंप यांचें गणित करणाऱ्या इंजिनियर बाई एकच. जमीन कसली आहे, पाया किती खोल न्यावा, धक्का बसला तर इमारत कशी डोलेल, हें त्यांनीं सांगितल्याशिवाय कोणाचाच नकाशा पुढें सरकत नसे.

आम्हीं तिघांनींही त्यांच्याकडे निरनिराळें जाऊन 'फक्त अर्धा दिवस' मागून घेतला. तीन अर्धे मिळून दीड दिवस होतो, हें गणित इंजिनियर म्हणविणाऱ्या आमच्यापैकीं एकानेंही केलें नाहीं. ज्याला त्याला आपलाच अर्धा दिसत होता. बाई कोणालाच नाहीं म्हणत नसत. त्या वयानें लहान, आम्ही मालक. पावसाळ्यापूर्वीं पाया भरून निघावा अशीं दोन कामें जून उजाडला तरी कागदावरच राहिलीं, आणि ऑगस्टांत बाईंनीं राजीनामा दिला. मीं कारण विचारलें. त्या म्हणाल्या, "सर, कामाचा मला कंटाळा नाहीं. पण कोणाचें काम आधीं करायचें हें रोज सकाळीं मलाच ठरवावें लागे, आणि संध्याकाळीं तुमच्यापैकीं दोघे माझ्यावर रागावलेले असत." हें ऐकून जी लाज वाटली ती अजून गेली नाहीं. ठरविण्याचें काम आमचें होतें. तें आम्हीं सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसाच्या गळ्यांत घातलें होतें.

सल्लागाराच्या धंद्यांत तास विकले जातात. म्हणून तज्ज्ञाचा रिकामा तास मालकाच्या डोळ्यांना बुडीत खात्यासारखा दिसतो, आणि तो भरून काढण्याची घाई होते. या घाईचें फळ काय, याचा हिशेब शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं झालेला आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत एर्लांग नांवाचे एक गणिती होते. बोलूं इच्छिणारांना फार वेळ ताटकळावें लागूं नये म्हणून किती तारा ठेवाव्या, अशा प्रश्नांचा त्यांनीं अभ्यास केला. त्यांचा पहिला निबंध १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें यांतूनच रांगांचें शास्त्र उभें राहिलें. त्याचें अगदीं साधें सूत्र घेतलें तरी पुरे. एकट्या माणसाकडे कामें वेळीं-अवेळीं येत असलीं व त्यांना लागणारा वेळही कमीजास्त असला, तर तो शेंकडा ८० भरलेला असतांना नवें काम सरासरीनें चार कामांइतका वेळ नुसतें पडून राहतें. शेंकडा ९० भरला कीं नऊ कामांइतका, आणि ९५ भरला कीं एकोणीस कामांइतका. आमच्या बाई तर शेंकडा १५० भरलेल्या होत्या. तेथें सूत्रच संपतें. रांग वाढतच जाते.

दुसरा हिशेब बोटांवर करतां येतो. चार-चार आठवड्यांचीं तीन कामें एका माणसाकडे आहेत असें समजा. एकामागून एक केलीं तर तीं चौथ्या, आठव्या व बाराव्या आठवड्याच्या अखेरीस संपतात. सर्वांना खूष ठेवण्यासाठीं तो दर आठवड्याला काम बदलूं लागला, तर पहिलें दहाव्या, दुसरें अकराव्या आणि तिसरें बाराव्या आठवड्यांत संपतें. तिसऱ्याचा फायदा कांहींच नाहीं, पहिल्या दोघांचें नुकसान मात्र पुरें. शिवाय विहिरीचें पाणी दुसऱ्या शेतांत वळविलें तरी तें पाणीच राहतें. माणसाला प्रत्येक वळणावर मागचें विसरून पुढचें आठवावें लागतें, आणि तो वेळ कोणाच्याच बिलांत येत नाहीं.

मग माणसें वाढवावीं, असें कोणी म्हणेल. बाई असतांनाच आम्हीं घाबरून दोन नवीं माणसें घेतलीं, आणि त्यांना शिकविण्याचें काम अर्थातच बाईंकडे आलें! आय. बी. एम. कंपनीच्या सिस्टिम ३६० या संगणकांची कार्यप्रणाली तयार करण्याचें काम ज्यांनीं सांभाळलें, त्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनीं १९७५ सालच्या पुस्तकांत आपल्या धंद्याविषयीं हेंच सांगितलें आहे कीं, उशीर झालेल्या कामावर माणसें वाढविलीं तर उशीर आणखी वाढतो. पांच माणसांत बोलण्याच्या जोड्या दहा होतात, दहा माणसांत पंचेचाळीस.

बाई गेल्यावर आम्हीं भिंतीवर एक मोठा फळा लाविला. डाव्या बाजूस सामाईक माणसांचीं नांवें, वर पुढील तीन आठवड्यांचे वार, आणि एका घरांत एकच काम. सोमवारीं साडेनऊ वाजतां आम्ही तिघे त्या फळ्यासमोर काय तें भांडतों. एरवीं कोणाच्या टेबलाशीं जाऊन परभारें काम सांगण्यास सक्त मनाई. वाद मिटला नाहीं तर निर्णय कचेरीच्या व्यवस्थापकांचा, कारण त्यांचें स्वतःचें असें एकही काम फळ्यावर नसतें. मोठें बिल देणाराच नेहमीं पुढें राहूं नये म्हणून, दोनदां मागें सारलेलें काम तिसऱ्यांदा मागें सारतां येत नाहीं, हा नियमही त्यांनींच घातला.

शुक्रवारचें घर मात्र कोरें ठेवावयाचें. "मग शुक्रवारचा पगार कशाबद्दल द्यायचा?" असें एका भागीदारांनीं विचारलें. प्रश्न वाजवी होता. उत्तर पुढच्याच पावसाळ्यांत मिळालें. एका तळघराच्या खोदाईंत अनपेक्षित पाणी लागलें, आणि दुसरें कोणतेंही काम न थांबवितां तें प्रकरण दोन शुक्रवारांत निभावलें.

याची किंमतही पडली. एका मोठ्या गिऱ्हाइकाला आम्हीं फळ्याकडे पाहून आठ आठवडे सांगितले. त्याला पांच हवे होते, तो दुसरीकडे गेला. तो ज्यांचा स्नेही, ते भागीदार महिनाभर माझ्याशीं कामापुरतेंच बोलले. त्यांची चूक होती असें मला म्हणवत नाहीं.

बाईंना आम्हीं परत बोलाविलें होतें, त्या आल्या नाहींत. त्यांच्या जागीं आलेल्या तरुणाच्या नांवापुढें शुक्रवारच्या घरांत माझें एक लहानसें काम लिहावें, म्हणून गेल्या सोमवारीं मी उठलों. व्यवस्थापकांनीं कांहीं न बोलतां माझ्या हातांतला खडू काढून घेतला.